गृहपूजेतील देवता आणि अनन्यभक्ती

महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत सकाळच्या पूजेच्या वेळी एकाच ताम्हनात अनेक देव स्नानास बसतात. खंडोबाचा टाक, तुळजाभवानीचा किंवा माहूरच्या रेणुकेचा टाक, रांगता बाळकृष्ण, सुनेने माहेराहून आणलेली अन्नपूर्णा, गंडकीचा शाळिग्राम, नर्मदेतील बाण आणि पितळेचा गणपती, या सर्वांवर एकाच पळीने पाणी पडते व एकाच सहाणेवरील गंध लागते. वस्तुतः यांपैकी प्रत्येकाची परंपरा निराळी आहे. शाळिग्राम वैष्णवांचा, बाण शैवांचा, टाक कुळाचा. त्यांचे मंत्र, नैवेद्य आणि वारही भिन्न आहेत. तरीही घरधन्यास याविषयी विचारले तर बहुधा एवढेच उत्तर मिळते की, वाडवडिलांपासून असेच चालत आले आहे.

अशाच एखाद्या घरातील मनुष्य सत्संगास लागतो, ज्ञानश्रवण करतो, उपदेश घेतो, आणि तेथून त्याच्यापुढे एक खरा पेच उभा राहतो. मार्ग त्याला अनन्यता सांगतो आणि घरचा देव्हारा त्याला अनेकत्व दाखवितो. देव्हारा तसाच ठेवला तर उपदेश कोठे राहिला, आणि तो उचलला तर वृद्ध मातेच्या डोळ्यांतील पाण्याचे काय करावे? हा पेच केवळ वादाचा नव्हे. तो घराघरांतील आहे. म्हणून त्याचा विचार शास्त्राच्या आधाराने आणि माणसाच्या अंतःकरणाकडे पाहून, अशा दोन्ही अंगांनी केला पाहिजे.

पूर्वपक्ष

अनेक देवतांच्या एकत्र पूजेचे समर्थन करणाऱ्यांचे म्हणणे आधी नीट समजून घेणे योग्य होय. स्मार्त परंपरेत पंचायतनपूजा प्रसिद्ध आहे. विष्णू, शिव, देवी, सूर्य आणि गणपती या पाचांची ही पूजा. हिच्या प्रवर्तनाचे श्रेय परंपरा आद्य शंकराचार्यांस देते. विष्णूसाठी शाळिग्राम, शिवासाठी बाण, गणपतीसाठी तांबडा पाषाण, सूर्यासाठी स्फटिक आणि देवीसाठी धातुखंड अशी तिची प्रतीके आहेत. ज्याचे जे इष्ट दैवत ते मध्यभागी बसते आणि उरलेली चार कोपऱ्यांत बसतात. विष्णुपंचायतनात मध्ये विष्णू, ईशान्येस शिव, आग्नेयेस गणपती, नैर्ऋत्येस सूर्य व वायव्येस देवी असा क्रम असतो. या पूजेमागील विचार असा की, ब्रह्म एकच असून पाचही रूपे त्याचीच आहेत. म्हणून कोणत्याही रूपाची पूजा त्या एकासच पोचते. शैव, वैष्णव आणि शाक्त यांच्यातील कलह मिटविण्याचे कार्यही या विचाराने केले, हे नाकारण्याचे कारण नाही.

लोकाचारातही हीच वृत्ती दिसते. गणेशोत्सवात आरती चालते तेव्हा समर्थ रामदासांनी रचलेल्या गणपतीच्या आरतीमागून शंकराची, देवीची, विठ्ठलाची आणि एकनाथांनी रचलेली दत्ताची आरती एका श्वासात म्हटली जाते. पुढे १८९४ साली राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना मुंबईत सुरू झाला आणि देवदेवतांची रंगीत चित्रे स्वस्तात सामान्य माणसाच्या भिंतीपर्यंत पोचली. जे देव आपापल्या क्षेत्री दूर दूर होते ते एका खिळ्यांच्या ओळीत शेजारी शेजारी आले. अशा वातावरणात वाढलेल्या मनाला सहजच वाटते की, सर्वांस हात जोडले तर बिघडते काय? उलट एखाद्यास वगळले तरच दोष लागेल.

यावर आणखी एक शास्त्राधार पुढे केला जातो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील अकराव्या व बाराव्या श्लोकांत यज्ञाने देवांस संतुष्ट करावे, देव मनुष्यांस संतुष्ट करतील, आणि त्यांनी दिलेले त्यांना न देता भोगणारा चोर होय, असा भाव आहे. मग श्रीकृष्णमुखानेच देवतांची पूजा सांगितली नाही काय, असा हा पूर्वपक्ष आहे.

सिद्धांत

स्वामी श्रीचक्रधरांनी निरूपिलेल्या ब्रह्मविद्येत जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ परस्परांहून भिन्न सांगितले आहेत. या विचाराचा पहिला परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. महानुभाव मार्ग देवता नाहीत असे म्हणत नाही. त्या आहेत, त्यांना सामर्थ्य आहे, त्यांची स्थाने आहेत आणि त्यांची फळेही आहेत. नऊ थोव्यांचे देवताचक्र, कर्मभूमीच्या देवतांपासून थेट चैतन्यमायेपर्यंत, जितक्या तपशिलाने या मार्गात अभ्यासिले जाते तितके अन्यत्र क्वचितच आढळेल. देवतांची संख्या एक्याऐंशी कोटी सव्वा लक्ष दहा अशी मोजून सांगणारा मार्ग देवतांस काल्पनिक मानतो, हा आरोप म्हणूनच अज्ञानमूलक होय.

दुसरा परिणाम याहून महत्त्वाचा. जीव बद्धमुक्त आहे, म्हणजे आज बद्ध असला तरी मुक्त होण्यास योग्य आहे. परमेश्वर नित्यमुक्त आहे. देवता मात्र नित्यबद्ध आहेत. त्या आपापल्या स्थानी, आपापल्या अधिकारापुरत्या, जीवाला त्याच्या कर्माचे फळ भोगवितात. ते फळ लहान असो की मोठे, एका दिवसाचे असो की कल्पाचे, भोगून सरते. आणि जीव पुन्हा जन्ममरणाच्या वाटेस लागतो. जो स्वतः बंधनातून सुटू शकत नाही तो दुसऱ्याचे बंधन कसे तोडील? येथे देवतेचा उपमर्द नाही; केवळ तिच्या अधिकाराची मर्यादा सांगितली आहे. गावच्या तलाठ्याकडून उतारा मिळतो, जन्मठेपेची माफी मिळत नाही. यात तलाठ्याचा अपमान कोणी मानीत नाही.

पंचायतनाचा विचार आणि महानुभाव विचार यांचा खरा भेद येथे आहे. पाचही एकाचीच रूपे मानली तर पाचांची पूजा सुसंगत ठरते. परंतु परमेश्वर देवतांहून भिन्न आहे असे एकदा निश्चित झाले की त्याला देवतांच्या पंक्तीत बसविणे म्हणजे त्याच्या स्वरूपाविषयी अन्यथाज्ञान होय. शिवाय पंचायतनाच्या रचनेतच एक सूचक गोष्ट आहे. तेथेही पाचांस मध्यभागी बसविता येत नाही. मध्यस्थान एकच असते आणि ते कोणाला द्यावयाचे याचा निर्णय उपासकास करावाच लागतो. अनेकांची पूजा करणाऱ्यालाही शेवटी एक निवडावा लागतो. अनन्यता हीच निवड पूर्णत्वास नेते, एवढेच.

श्रीकेशिराजांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठातील ११४ दृष्टांतांमध्ये जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत सर्वपरिचित आहे. जन्मांधांनी हत्ती चाचपला. पायाला हात लागलेल्यास तो खांबासारखा वाटला, कानाला हात लागलेल्यास सुपासारखा वाटला. प्रत्येकाचा अनुभव त्याच्यापुरता खोटा नव्हता. खोटा होता तो ‘एवढाच हत्ती’ हा आग्रह. डोळस मनुष्याने संपूर्ण हत्ती पाहिला, म्हणून त्याला प्रत्येकाच्या बोलण्याचा ठिकाणाही कळला आणि अपुरेपणही कळले. या दृष्टांतातून उपदेशी मनुष्याने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, सर्व अवयवांची बेरीज हाताने करीत बसल्याने हत्ती दिसत नाही. त्यासाठी डोळा लागतो. देव्हाऱ्यात पाचाऐवजी पंचवीस मूर्ती ठेवल्याने परमेश्वराचे ज्ञान पाचपट होत नाही. दुसरी, डोळस मनुष्य आंधळ्यास काठीने मारीत नाही.

गीतेचा निर्णय

तिसऱ्या अध्यायातील जे वचन पूर्वपक्षाने पुढे केले, त्याचा निर्णय गीतेतच पुढे झाला आहे. तेथील प्रकरण कर्माचे असून देवतांकडून मिळणारे म्हणून जे सांगितले आहे ते इष्ट भोग आहेत, मोक्ष नव्हे. सातव्या अध्यायातील विसाव्यापासून तेविसाव्या श्लोकापर्यंतचा भाग पाहिला म्हणजे हे स्पष्ट होते. कामनांनी ज्यांचे ज्ञान हरले जाते ते अन्य देवतांकडे वळतात. ज्याची ज्या रूपावर श्रद्धा असेल तेथे ती श्रद्धा भगवंतच दृढ करतात. त्यातून मिळणारे फळही त्यांच्याच विधानाने मिळते. परंतु त्या अल्पबुद्धींचे फळ नाशवंत असते, असा त्याचा आशय आहे. नवव्या अध्यायातील तेविसाव्या श्लोकात अन्य देवतांचे श्रद्धावान भक्तही श्रीकृष्णांचेच यजन करतात, असे म्हटले आहे. पुष्कळ लोक येथेच थांबतात आणि सर्व देव सारखे असल्याचा निष्कर्ष काढतात. परंतु तोच श्लोक ते यजन अविधिपूर्वक होते असे सांगून पुरा होतो. पुढील श्लोक त्यांना तत्त्वतः ज्ञान नसल्यामुळे ते च्युत होतात असे सांगतो. आणि पंचविसावा श्लोक देवांचे व्रत करणारा देवांकडे व श्रीकृष्णांचे यजन करणारा श्रीकृष्णांकडे जातो, असा स्पष्ट विभाग करतो. वाटा निराळ्या आणि मुक्कामही निराळे.

येथे एक सूक्ष्म विचार दृष्टीआड होऊ नये. अन्य देवतेवरील श्रद्धेलासुद्धा परमेश्वर मोडीत नाही; तो ती दृढ करतो. जी श्रद्धा प्रत्यक्ष परमेश्वराने मोडली नाही ती उपदेशी मनुष्याने दुसऱ्याच्या अंतःकरणातून खेचून काढण्याची घाई करावी काय?

नामसाम्याचा भ्रम

गृहपूजेत आणखी एक अडचण येते. ती नावांच्या सारखेपणाची. महानुभाव मार्ग श्रीकृष्ण, श्रीदत्तात्रेयप्रभू, श्रीचक्रपाणी, श्रीगोविंदप्रभू आणि श्रीचक्रधर या पंचकृष्णांची उपासना सांगतो. यांतील पहिली दोन नावे इतर घरांच्या देव्हाऱ्यातही आहेत. त्यामुळे नवीन उपदेशी मनुष्यास वाटते की, आपल्या घरी आधीपासून श्रीकृष्ण व दत्त आहेतच, मग बदलले काय?

बदलले ते ज्ञान. इतरत्र श्रीकृष्णास विष्णूच्या दहा अवतारांपैकी एक मानतात. महानुभावांच्या दृष्टीने विष्णू ही देवता असून श्रीकृष्ण हा साक्षात परब्रह्म परमेश्वराचा अवतार होय. इतरत्र दत्तात्रेय ब्रह्मा, विष्णू व महेश यांचे एकत्रित त्रिमुख रूप मानले जाते. महानुभावांचे श्रीदत्तात्रेयप्रभू एकमुखी असून चारही युगांत विद्यमान असा तो परमेश्वरावतार आहे. मूर्ती जुनीच राहिली आणि भाव बदलला नाही, तर उपासनाही जुनीच राहिली असे समजावे. या उलट, नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण ज्ञानपूर्वक घडू लागले, तर घरात मूर्तीच नसली तरी उपासना उणी पडत नाही. परमेश्वराच्या असंनिधानात स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही साधने मार्गाने दिलीच आहेत. अवताराच्या चरणस्पर्शाने पुनीत झालेल्या स्थानास वा विशेषास मनुष्य नमस्कार करतो तो पाषाणास नव्हे. ज्याचा संबंध तेथे घडला त्याच्या स्मरणास करतो.

भय आणि परंपरा

आता मूळ पेचाकडे वळावे. उपदेशी मनुष्याने कुळदैवताची पूजा थांबविली आणि थोड्याच दिवसांत घरात कोणी आजारी पडले, गाय दगावली किंवा नोकरीत अडथळा आला की भाऊबंद म्हणतात, ‘देवीचा कोप झाला.’ अशा वेळी चांगल्या चांगल्यांची निष्ठा डळमळते. मग रात्री गुपचूप देवीला नारळ ठेवला जातो आणि सकाळी पंचकृष्णांचे नाम घेतले जाते. ही अवस्था सर्वांत दयनीय होय. कारण तीत श्रद्धा कोणावरच उरत नाही, उरते ते केवळ भय. अनेक सावकारांशी थोडे थोडे गोड बोलून ठेवणाऱ्या कर्जदारासारखी ही पूजा आहे.

शास्त्र येथे धीर देते. देवता जीवाच्या कर्माचे फळ भोगवितात. केलेल्या कर्माबाहेरचे दुःख त्या स्वेच्छेने माथी मारू शकत नाहीत. नारळ देऊन टळेल आणि न दिल्याने ओढवेल असे दुःख नसते. रोग आला तर वैद्याकडे जावे, औषध घ्यावे, आणि स्मरण सोडू नये. देवपूजा अखंड चालणाऱ्या घरांतही आजार येतात व मृत्यू येतात, हे प्रत्येकाने पाहिलेलेच आहे.

भागवताच्या दशमस्कंधातील गोवर्धनप्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. गोकुळात इंद्रयागाची सिद्धता चालली होती. श्रीकृष्णांनी कारण विचारले तेव्हा नंदाने जे उत्तर दिले ते आजच्या कोणत्याही घरधन्याचे उत्तर आहे. हा धर्म परंपरेने आला आहे. काम, द्वेष, भय किंवा लोभ यांमुळे जो तो सोडील त्याचे कल्याण होत नाही. श्रीकृष्णांनी याग थांबविला, गाई, ब्राह्मण आणि पर्वत यांचा सन्मान करविला, इंद्राने पाऊस पाडला, आणि व्रज सुरक्षित राहिले. या कथेतून देवतांतराचा त्याग शिकावा हे तर खरेच. परंतु नंदाच्या वाक्यातही एक कसोटी दडलेली आहे, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. परंपरा सोडण्याची चार अयोग्य कारणे त्याने सांगितली. उपदेशी मनुष्याने स्वतःस विचारावे: कुळाचार सोडताना नवरात्राचा खर्च वाचेल असा लोभ तर मनात नाही ना? मोठ्या भावाशी वाटणीवरून वैर आहे म्हणून त्याच्या घरच्या कुळधर्मास जाणे टाळले, असा द्वेष तर नाही ना? नव्या मंडळीत मान मिळावा असा काम तर नाही ना? ते चार लोक हसतील हे भय तर नाही ना? या चारांपैकी एकानेही परंपरा सुटली असेल तर ती सुटली खरी, पण अनन्यता आली नाही. ज्ञानाने जे सुटते तेच खरे सुटते.

त्या कथेचा शेवटही विसरू नये. गर्व हरपून इंद्र शरण आला तेव्हा श्रीकृष्णांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही. त्याला त्याच्या अधिकारावर राहण्यास सांगून निरोप दिला. परमेश्वराने देवतेस तिच्या स्थानी ठेवले. धुळीस मिळविले नाही.

आचार

या विचारातून गृहस्थ वासनिकाच्या वर्तनाविषयी काही गोष्टी निष्पन्न होतात.

उपदेशी मनुष्याने स्वतःपुरती अनन्यता काटेकोरपणे पाळावी. नवस बोलू नये, अंगात आलेल्यास प्रश्न विचारू नये, आणि संकटकाळी जिभेवर दुसरे नाव येऊ देऊ नये. या बाबतीत सवलत नाही; कारण सवलत देणारा परमेश्वर नसून स्वतःचे भित्रे मनच असते.

परंतु घरातील ज्या व्यक्तीने उपदेश घेतलेला नाही तिच्यावर ही अनन्यता लादू नये. वृद्ध माता साठ वर्षे ज्या टाकास फूल वाहत आली तो टाक तिच्या देखत उचलून अडगळीत टाकणे यास ज्ञान म्हणत नाहीत. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील सव्विसाव्या श्लोकात कर्मासक्त अज्ञजनांचा बुद्धिभेद करू नये असे सांगितले आहे. तिचा देव्हारा तिला ठेवू द्यावा. तिचे गुडघे दुखत असतील तर फुले आणून द्यावीत. ती सेवा मातेची आहे. तिच्यापाशी बसून लीळा वाचाव्यात. ऐकता ऐकता एके दिवशी तिने स्वतःच विचारले तर सांगावे. न विचारले तर वाचीत राहावे. लीळाचरित्रातील महदाइसा सारखी विचारीत असे आणि स्वामी सांगत असत. प्रश्न नसताना उत्तर माथी मारण्याची ती पद्धती नव्हती.

मातेच्या पश्चात टाक घरात ठेवावयाचे नसतील तर कुळाचार चालविणाऱ्या भाऊबंदांच्या स्वाधीन आदराने करावेत. उकिरड्यावर टाकू नयेत व चांदीच्या मोहाने मोडीत घालू नयेत. माहेराहून अन्नपूर्णा घेऊन आलेल्या सुनेस सासरच्यांनी पहिल्याच दिवशी देवावरून बोल लावू नये. तिला घरातील पूजावसर, स्मरण आणि सत्संग यांची गोडी लागली तर ती स्वतः विचार करील. बोल लागला तर तिच्या मनात अन्नपूर्णा राहील आणि मार्गाविषयी कटुताही राहील. शेजारच्या उत्सवात हसतमुखाने वागावे आणि त्यांच्या दैवताविषयी अपशब्द काढू नये. ज्या आचाराविषयी शंका असेल तो आपल्या महंतांस विचारून ठरवावा. मनाने सूट घेऊ नये आणि मनाने कडकपणाही वाढवू नये.

स्वामींचे अहिंसेचे निरूपण केवळ मुंगी न चिरडण्यापुरते नाही. दुसऱ्याच्या अंतःकरणास शब्दाने केलेली इजा हीही हिंसाच होय. अनन्यतेच्या नावाखाली ही हिंसा घडली तर साधक एका हाताने मिळविलेले दुसऱ्या हाताने घालवितो. लीळाचरित्र वाचताना असेही ध्यानात येते की, स्वामींची वसती ठिकठिकाणी देवतांच्या देवळांत आणि मठांत झाली. त्या देवळांच्या ओट्यांवर बसूनच त्यांनी परमेश्वराचे निरूपण केले. देवळे तशीच राहिली आणि ऐकणारे मात्र पालटले.

म्हणून देव्हाऱ्याचा प्रश्न प्रथम लाकडी चौकटीचा नसून अंतःकरणातील मध्यस्थानाचा आहे. तेथे एकास बसविले की बाकीच्यांस हाकलण्याची भाषा करावी लागत नाही. ज्याचा त्याचा अधिकार ज्याच्या त्याच्या जागी राहतो. तेथे मात्र जागा रिकामी असेल, तर मूर्ती एक असो की अनेक, ताम्हनातले पाणी तुळशीला घालून होईपर्यंतच पूजा टिकते. वासनिकाने रोज पूजावसर झाल्यावर दुसऱ्याच्या देव्हाऱ्याकडे पाहण्यापूर्वी क्षणभर स्वतःच्या मनात पाहावे आणि तेथे कोण बसले आहे हे निरखावे. तेवढा क्षण ज्याने नित्य राखला त्याची पावले अनन्यभक्तीच्या वाटेवर आहेत असे जाणावे.